फायबर आमी घेत नाय

माझी वस्तू विकली गेली नाही, याबद्दल परवा मला पन्नास रुपये द्यावे लागले. पावती मागितली तर भंगारवाला हसला आणि बी विंगमधले काका म्हणाले, "प्रत्येक गोष्टीत अडून बसू नका हो."

कोजागिरी जवळ आली की आमच्या सोसायटीला गच्ची आठवते. एरवी वर्षभर तिथं कबुतरं, केबलवाल्यांच्या वायरी आणि मी. आटीव दुधासाठी जागा मोकळी करायची म्हणून काकांनी, कुणालाही न विचारता, भंगारवाल्याला वर आणलं. मी नळाच्या जोडाला टेप गुंडाळत बसलो होतो. म्हणजे मालक मालाला टेकून बसलेला आणि त्याच्यासमोर त्याच्याच मालाचा लिलाव सुरू.

माल काय, ते थोडक्यात सांगतो. लोक ऐकताना मोबाइल काढतात, हे मला आता माहीत आहे. मला गच्चीवर गरम पाण्याचा टब हवा होता, हॉटेलात असतो तसा. ही चैन आहे हे मान्य. पण चैनीला पैसे मोजायचे नाहीत, हे माझं तत्त्व आहे. दीडशे लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला साधारण साडेतीन युनिट वीज खर्च होते, आणि पुण्यात गच्चीच्या एका चौरस मीटरवर दिवसाकाठी पाच युनिटांच्या आसपास ऊन नुसतं पडून वाया जातं. हे गणित एकदा डोक्यात शिरलं की माणूस सरळ मंगळवार पेठेत जुन्या बाजारात जातो. बुधवारी आणि रविवारी. बुधवारी गर्दी कमी असते, पण मला रविवारच आवडतो, कारण रविवारी विकणाराही जरा गोंधळलेला असतो.

तर कुठल्याशा हॉटेलातून काढलेला टब. तीन मेलेल्या फ्रिजच्या पाठीमागच्या काळ्या जाळ्या. त्यांच्या नळ्यांत कॉम्प्रेसरचं तेल राहिलेलं असतं, ते साबणाच्या पाण्यानं धुता धुता माझी निम्मी सुट्टी गेली. जाळ्या एका जुन्या शोकेसच्या खोक्यात बसवल्या, वर वाड्याच्या खिडकीची काच. काचेतून ऊन आत जातं, पण तापलेल्या जाळीची उष्णता सहजासहजी बाहेर येत नाही. एवढ्यावरच सगळा खेळ आहे. खोकं दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी वीसेक अंशांवर कललेलं. पाणी फिरवायला टाकून दिलेल्या आरओ फिल्टरचा छोटा पंप, आणि पंपाला तडा गेल्यामुळे कुणीतरी फेकलेलं एक सौर पॅनल. ऊन पडलं की पंप फिरतो, ढग आला की थांबतो. बटण नाही, टायमर नाही. मला स्वतःलाच या गोष्टीचं इतकं कौतुक वाटलं की मी ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. तिथूनच हे सगळं सुरू झालं असावं.

भंगारवाल्यानं आधी टबावर टिचकी मारली.

"फायबर. फायबर आमी घेत नाय."

"का?" काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. नकाराचं कारण लेखी मागायची त्यांची सवय गेलेली नाही.

"वितळत नाय ना काका. पुढं कुणी घेत नाय."

"अरे पण वजन बघ की! तीस-चाळीस किलो कुठं गेला नाही."

"वजनाचं काय करू? खाली न्यायचा तर तुमीच दोनशे द्या."

काका माझ्याकडे वळले. "द्या."

"काका, मला विकायचाच नाहीये."

"विकताय कुठं? तो नकोच म्हणतोय. दीडशे म्हणून बघा."

मग खोक्याची पाळी आली. भंगारवाल्यानं खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि जाळीच्या बाहेर आलेल्या टोकाला लावलं. चट्कन चिकटलं. काकांच्या चेहऱ्यावर जी करुणा पसरली, ती मी एरवी फक्त तेराव्याला पाहिली आहे.

"तांबं म्हणून घेतलंत ना?"

"नाही. लोखंडच असतं ते. वर नुसता तांब्याचा मुलामा असतो, डाग देऊन सांधायला सोपं जावं म्हणून. आणि नळीची भिंत इतकी पातळ असते की लोखंड काय, तांबं काय, उष्णतेला काही फरक पडत—"

"फसलेला माणूस असंच म्हणतो," काका भंगारवाल्याला म्हणाले.

"नाय काका, साहेब बरोबर बोलतायत. फ्रिजचं लोखंडच आसतं."

आख्ख्या सोसायटीत माझी तांत्रिक बाजू घेणारा हा पहिला माणूस. मी त्याला चहा विचारणार होतो, तेवढ्यात त्यानं वजनाचा अंदाज घ्यायला म्हणून खोक्याच्या वरच्या अंगाची नळी मुठीत धरली.

"आयला!"

ऑक्टोबरचं ऊन, दुपारचे बारा, आणि पंपाची वायर मी कामासाठी काढून ठेवलेली. पाणी आतल्या आत उकळी फुटायच्या बेतात होतं. हात झटकत तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत, खोटं सांगत नाही, आदर होता. "चालतंय की हे!"

"बघा," काका म्हणाले. "धोकादायकही आहे. लहान मुलं येतात गच्चीवर."

आमच्या गच्चीवर लहान मुलं येत नाहीत. गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली काकांकडे असते. मलासुद्धा दर वेळी मागून घ्यावी लागते, देताना "आज काय?" असं विचारतात.

शेवटी भंगारवाल्याला एकच गोष्ट पसंत पडली: पंप. चालू मोटर म्हणून ऐंशी देतो म्हणाला. काकांनी त्याला पार जिन्यापर्यंत जाऊ दिलं, परत बोलावलं, त्याच्या धंद्याची, गावाकडच्या पावसाची चौकशी केली, आणि एकशे वीसवर आणून त्याच्या हातावर टाळी दिली. इतकी चिकाटी त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवाल्याशी दाखवली असती तर आमचा मेंटेनन्स निम्म्यावर आला असता. मी पंपावर हात ठेवून बसून राहिलो. तेव्हा तो म्हणाला, "मग चार मजले चढल्याचे पन्नास तरी द्या." आणि काका म्हणाले, "त्याचं बरोबर आहे."

जाता जाता त्यानं कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं. ताडपत्रीखाली काकांची व्यायामाची सायकल आहे, पॅडल नसलेली.

"ते वेगळं," काका म्हणाले. "ते ठेवलेलं आहे."

आता मी चिडलोच आहे तर गच्चीच्या दुसऱ्या टोकाचंही सांगून टाकतो. तिथं सोसायटीचा पाणी तापवायचा सोलर आहे. परवानगीच्या अटीत होता म्हणून बिल्डरनं बसवलेला. काही नळ्या फुटलेल्या, काहींत क्षारांचा थर, टाकीवरचं वेष्टण कबुतरांनी घरट्यासाठी नेलेलं. चालू होता तेव्हाही खालच्या मजल्यांवर गरम पाणी पोचेपर्यंत दोन बादल्या थंड पाणी गटारात जायचं, म्हणून लोकांनी गीझर लावले, आणि मग सोलर मेला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्याला काका 'आपला सौर प्रकल्प' म्हणतात. का, तर त्याचं बिल आहे, आणि त्याच्यावर मिळकत करात सवलत आहे. पुणे महापालिका सौर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक केलंत तर ५ टक्के देते, दोन केलीत तर १० टक्के. आमच्या गांडूळखताच्या खड्ड्यात सध्या गणपतीच्या मांडवाचे बांबू आहेत. म्हणजे मेलेल्या यंत्राला सवलत, आणि ज्यानं माणसाचा हात भाजला त्याला भंगार म्हणायचं!

हे मी जिन्यात काकांना ऐकवलं. म्हटलं, याच पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं प्लास्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या एकीत एक उपडी घालून खरकट्यावर चालणारा गॅस प्लांट केला. त्याला २००६ साली लंडनचा, शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तोही तुम्ही भंगारात घातला असता.

"लंडनला मिळाला ना?" काका किल्ल्या वाजवत म्हणाले. "मग ठेवा की लंडनच्या गच्चीवर."

काल रात्री त्यांचा फोन. आवाजात साय. सवलतीसाठी चालू स्थितीतल्या यंत्रणेचे फोटो मागणार आहेत असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. "तुमचं ते खोकं जरा पुसून ठेवा. तापमानाचा काटा दिसेल असा एक फोटो हवा. सोसायटीची पाटी मी लावतो समोर. आणि हो, टबावर चादर टाका, चैन दिसायला नको."

"आणि सवलतीतला माझा वाटा?"

"अहो, सवलत सगळ्यांनाच आहे. तुम्ही सगळ्यांत आलातच की."

काटा मी आज सकाळी काढून घरी आणला. फोटो काढायचा असेल तर काढा म्हणावं. तापमान हवं असेल तर काकांनी नळी मुठीत धरावी आणि काय ते लिहून घ्यावं. वेळ दुपारी बाराची. किल्ली त्यांच्याचकडे आहे.