मामांचा एप्रिलचा पगार

2025 च्या नोव्हेंबरात फोनवर मामांशी चांगलाच वाद झाला. मामा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून 2005 साली निवृत्त झाले, जेलरोडला राहतात, आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय आंघोळीला उठत नाहीत. इकडे अमेरिकेत तेव्हा सरकार बंद पडलेलं. मामा म्हणाले, "बरोबर करतात तुमच्याकडे. बजेट मंजूर नाही, तर पैसा नाही. आमच्याकडे निवडणूक आली की लेखानुदान, म्हणजे खर्चाची तात्पुरती मंजुरी, घेतात आणि चार महिने ढकलतात. जाब कोण देणार?"

असं बोलणारे मामा एकटे नाहीत. नाशिकला आले की दर दोन-तीन घरांत हे ऐकते. मेरीलँडमध्ये बावीस वर्षं काढल्यावर मला ते पटत नाही.

मी म्हटलं, "मामा, 2004 आठवा. 3 फेब्रुवारीला जसवंत सिंहांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि लेखानुदान घेतलं. मग निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि चिदंबरम यांचा पूर्ण अर्थसंकल्प आला तो 8 जुलैला. तेव्हा प्रेस थेट केंद्राची होती. तुमचा एप्रिलचा पगार थांबला होता?"

"नाही गं. कशाला थांबेल?"

त्या 'कशाला थांबेल'मागे घटनेचं कलम 116 आहे. पूर्ण चर्चा होऊन मंजुरी मिळेपर्यंत लागणारा पैसा लोकसभा आगाऊ देऊ शकते. राज्यांसाठी तीच सोय कलम 206 मध्ये आहे. पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर यायचा, मंजुरीला मे उजाडायचा, म्हणून दोन महिन्यांचं लेखानुदान जवळजवळ दरवर्षीच असायचं. 2017 पासून तारीख 1 फेब्रुवारीवर आली आणि एरवी त्याची गरज उरली नाही. निवडणुकीच्या वर्षी मात्र लागतंच.

अमेरिकेतही तात्पुरती मंजुरी असते. पण ती दोनपैकी एका सभागृहात जरी अडकली, तर 1 ऑक्टोबरला, म्हणजे नवं आर्थिक वर्ष सुरू होताच, बऱ्याच कार्यालयांना कुलूप लागतं. 2025 मध्ये ते 43 दिवस लागलेलं होतं. आमच्या भागात घरटी कुणीतरी केंद्र सरकारच्या नोकरीत. शाळेच्या पार्किंगमध्ये धान्यवाटप सुरू झालं, तिथे मी शनिवारी तांदळाच्या पिशव्या भरायला जायची. रांगेत एक बाई भेटायची, वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत कंत्राटदारामार्फत सफाईला असलेली. 2019 च्या कायद्यामुळे सरकारी नोकरांना बुडलेला पगार मागाहून मिळतो. कंत्राटी माणसाला त्या कायद्याचा आधार नाही. चौथ्या शनिवारी तिने पिशवी घेतली आणि विचारलं, डायपर आहेत का. नव्हते. राजकारण्यांना कोंडीत पकडणारी शिस्त म्हणून मामा ज्याचं कौतुक करत होते, ती असल्या रांगेत येऊन संपते. ज्यांनी मतं अडवली, त्यांच्यापैकी कुणीही त्या रांगेत नव्हतं.

तरी मामांचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. लेखानुदान हे चालू खर्चापुरतं असावं, नव्या घोषणा येणाऱ्या सरकारवर सोडाव्यात, असा संकेत आहे. 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पात शेतकऱ्यांना वर्षाला 6000 रुपये देणारी पीएम-किसान आली, तीही डिसेंबर 2018 पासून लागू धरून, आणि मतदानाआधीच पहिला हप्ता खात्यात पडायला लागला. योजना चांगली की वाईट हा प्रश्नच वेगळा. तात्पुरत्या मंजुरीच्या आडून कायमचा खर्च उभा करणं मला चुकीचं वाटतं, कुठल्याही पक्षाने केलं तरी.

पण माझा खरा जीव तुटतो तो नाशिकसाठी. लेखानुदानाला निदान निवडून आलेलं सभागृह मत देतं. आपल्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं अंदाजपत्रक मांडणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही प्रशासकच. स्थायी समिती नाही, महासभा नाही, आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर. तात्पुरत्या लेखानुदानावर तावातावाने बोलणारे आपण, पूर्ण अंदाजपत्रकं चर्चेविना मंजूर होत राहिली तेव्हा गप्प बसलो. मामा, तुम्हीही आणि मीही.

आमच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, अंदाजपत्रकावर एप्रिलमध्ये जाहीर सुनावणी होते. नाव नोंदवलं की कुणालाही बोलता येतं. दोन वर्षांपूर्वी मी ग्रंथालयाच्या रविवारच्या वेळेबद्दल तीन मिनिटं बोलले. हात थरथरत होते, कागदावरचं अक्षर दिसेना.

महापालिकेच्या निवडणुकीनंतर पुन्हा फोन झाला, तेव्हा हे ऐकून मामा म्हणाले, "आमचे नगरसेवक आता निवडून आलेत. अंदाजपत्रकाचं पुस्तक असतं ना छापलेलं?"

"असतं की."

"मग सोमवारी महापालिकेच्या राजीव गांधी भवनात जाऊन बघतो, मिळतं का. चष्मा तेवढा बदलून घ्यावा लागेल."