भारावलेल्या मनाला हरकत घेणारे शास्त्र

सोलापूरच्या नातेवाइकांशी बोलताना अलीकडे एकच वाद वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतून आलेल्या जुन्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, नेमलेले शास्त्रपाठ (बायबलमधील उतारे) वाचले जातात, त्यांवर उपदेश होतो आणि आशीर्वचन घेऊन लोक घरी जातात. त्याच घरांतील तरुण मात्र भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या सभांकडे वळतात, जिथे स्वानुभवाची साक्ष, स्तुतिगीते आणि रोगमुक्तीची प्रार्थना यांनाच बहुतेक वेळ मिळतो. देव आजही थेट हृदयाशी बोलतो, मग वचनांचा कीस पाडत कशाला बसायचे, असे त्यांचे म्हणणे. त्यावर ‘आपल्याकडे पूर्वापार असेच चालत आले आहे’ एवढेच वडीलधारे सांगतात, आणि ते पुरेसे नाही.

जर्मनीतील वुपर्टाल या शहरातून पाहताना मला तरुणांचे निम्मे म्हणणे लगेच पटते. इथे चर्चच्या सभासदाकडून आयकराच्या ९ टक्के इतका चर्च-कर घेतला जातो, मार्टिन लूथरने १५२२ साली नवा करार जर्मन भाषेत आणल्याचा अभिमानही आहे. तरी रविवारी बाके बरीचशी रिकामी असतात. ग्रंथ कपाटात असल्याने श्रद्धा जिवंत राहत नाही, याला आणखी पुरावा नको.

पण याच शहरात बार्मेन हा भाग आहे. सोलापूरप्रमाणे तोही कापडाच्या धंद्यावर वाढला. १९३३ साली ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाला राष्ट्राच्या पुनरुत्थानात आणि हिटलरच्या उदयात देवाची वाणी ऐकू येऊ लागली होती, आणि त्या नोव्हेंबरात बर्लिनच्या प्रचंड सभेत त्यांच्या एका पुढाऱ्याने जुना करार टाकून देण्याची मागणी केली. त्या सभेतील भावना नाटकी नव्हत्या. माणसे खरोखरच भारावली होती, आणि अडचण नेमकी तीच होती. मे १९३४ मध्ये या गटाला विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या, बार्मेनला जमलेल्या प्रतिनिधींनी जो जाहीरनामा स्वीकारला, आणि ज्याचा मसुदा मुख्यतः ईश्वरशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांचा होता, त्याच्या सहाही कलमांची सुरुवात शास्त्रवचनाने होते. पहिले कलम सांगते, की पवित्र शास्त्र ज्या ख्रिस्ताची साक्ष देते त्याच्याखेरीज अन्य कोणतीही घटना, सत्ता किंवा व्यक्ती मंडळीने देवाचे प्रकटीकरण मानू नये. यहुद्यांच्या छळाविषयी त्यात अवाक्षर नाही, ही त्याची मोठी उणीव. मात्र तीही त्याच शास्त्रावर घासून दाखवता येते. खऱ्या श्रद्धेला शास्त्र लागते ते यासाठी, की मंडळीला, पाळकाला आणि आपल्याच भरून आलेल्या मनाला ‘हे चुकते आहे’ असे सांगणारे काही आपल्या बाहेर असावे.

अर्थात वचन तोंडपाठ असणे म्हणजे शास्त्र मानणे नव्हे. येशूच्या अरण्यातील परीक्षेत सैतानही स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो. आमच्याकडच्या ख्रिस्ती कॅलेंडरांवर जुन्या करारातील यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथातले २९:११ हे वचन हमखास असते: देवाचे संकल्प हिताचे आहेत, तो आशा देईल. परदेशी निघालेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी हे वचन पाठवतेच, आणि व्हिसा मिळाला की ते पूर्ण झाले असे समजले जाते. परंतु त्याच पत्रात एक वचन मागे सत्तर वर्षांची मुदत सांगितलेली आहे. ते यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. लवकरच सुटका होईल असे सांगणारे संदेष्टे त्यांच्यात होते आणि लोकांना ते आवडतही होते. यिर्मया त्यांना खोटे ठरवतो आणि सांगतो, की तिथेच घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. वुपर्टालमध्ये पूर्ण अध्याय वाचताना मला दिलासा कमी आणि काम जास्त मिळाले.

जुन्या मंडळ्यांनीही फार सुखावून जाऊ नये. ख्रिस्तात यहुदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र हा भेद उरत नाही, असे गलतीकरांस पत्रात आहे, आणि ते आपण आदराने वाचतो. सोयरीक जुळवताना मात्र बाप्तिस्म्याआधीच्या पिढीची जात आजही हलक्या आवाजात विचारली जाते. नेमलेला पाठ दर रविवारी वाचूनही त्याला हरकत घेऊ दिली जात नसेल, तर नव्या सभांना नावे ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

अक्षरओळख नसलेल्या आमच्या आज्या मोठ्या विश्वासू होत्या, त्यांनी कुठे शास्त्र वाचले, असे एक भाची विचारते. प्रश्न रास्त आहे. त्यांनी वाचले नाही, पण ऐकले. दुसऱ्याच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकून अध्यायच्या अध्याय त्यांच्या कानांत बसले होते, आणि विश्वास ऐकण्याने होतो, असे प्रेषित पौलही रोमकरांस लिहितो. सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतरात घातली. आध्यात्मिक अनुभवाची त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये वाण नव्हती. १९०५ सालचे तिथले जागरण, म्हणजे विश्वासाच्या पुनरुज्जीवनाची लाट, प्रसिद्धच आहे. तरीही साध्या बायकांच्या हाती ग्रंथ पडावा, असे त्यांना वाटले.

म्हणून दोन्ही बाजूंना माझा एकच प्रश्न आहे. बिरुया या नगरातील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे बोलणे शास्त्रलेखांशी रोज ताडून पाहिले, आणि नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्याबद्दल त्यांचे कौतुकच केलेले आहे. सोलापुरात, जुन्या मंडळीत किंवा नव्या सभेत, उपदेश संपल्यावर एखाद्या तरुण मुलीने उठून ‘हे शास्त्रात कुठे आहे?’ असे विचारले, तर तिला उत्तर मिळेल की बसायला सांगितले जाईल?