मारुती देवळाहून मोठा

नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या आत्याने साठी उलटल्यावर रंगांची पहिली पेटी आणली. 2019च्या पुराचं तिचं चित्र परवा घरच्या ग्रुपवर आलं आणि वाद पेटला. त्यात गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती काठच्या नारोशंकराच्या देवळाहून उंच आहे. गोदावरी भिंतीसारखी उभी, पूल वरून पाहिल्यासारखा आणि पुलावरची माणसं मात्र समोरून. दादाचं म्हणणं, हात चांगला आहे पण प्रमाण चुकलंय, क्लास लावून द्या. त्याआधी एका प्रदर्शनाने चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचं प्रमाणपत्र नाही म्हणून तिला परत पाठवलं होतंच.

मी राहतो क्रोएशियातल्या झाग्रेबला. इथे न शिकलेल्या चित्रकारांचं खास संग्रहालय आहे, 1952 साली सुरू झालेलं. त्यातला सर्वांत मोठा माणूस इवान गेनेरालिच, ह्लेबिने गावचा शेतकऱ्याचा पोर. 1930 साली क्रस्तो हेगेदुशिच या शिकलेल्या चित्रकाराने त्याची चित्रं पाहिली आणि पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या प्रदर्शनात लावली. या गावची माणसं काचेच्या मागच्या बाजूने रंगवतात. तिथे सगळा क्रम उलटा. कोंबड्याचा डोळा आधी, आभाळ सगळ्यात शेवटी. डोळ्यावर पुढचे थर चढले की तो दुरुस्त करता येत नाही. चित्र पूर्ण डोक्यात असल्याशिवाय हे होत नाही, आणि अशा हाताला अडाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

इथलं सगळंच चांगलं आहे असंही नाही. दुकानांत तोच कोंबडा, तोच बर्फ मांडलेला दिसतो. भोळेपणाही ठरवून केलेला. तो बाजार आपल्याकडे नको.

आणि याची वारलीशी गल्लत नको. पेठ-सुरगाण्याकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नचित्र, लिहितात, त्याला पिढ्यांची शिस्त आहे. आत्याला कुणीच शिकवलेलं नाही. ती आपलं पाहणं कागदावर आणते.

मारुती एवढा मोठा का, मी फोनवर विचारलं. म्हणाली, "अरे, पुरात देवळाकडे कोण बघतं? पाणी मारुतीच्या कुठवर आलं, तेच सगळे विचारतात."

तेव्हा दादा, क्लासची फी भरू नकोस. त्या पैशांत तिला जाड कागद आणि बरे ब्रश घेऊन दे. ती अजून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रंगवते.