आवाज चांगला आहे, पुढे काय?

परवा रात्री साडेअकराला परभणीहून एका मुलीचा मेसेज आला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘ताई, माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. गॅदरिंगचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडेच असतं. मला व्हॉइस आर्टिस्ट व्हायचंय. तीन वर्षांत हिंदी पिक्चरच्या हिरॉइनला आवाज द्यायचा असं ध्येय ठरवलंय. कागदावर लिहून भिंतीवर पण लावलंय. बरोबर चाललंय ना माझं?’

मी स्वतः व्हॉइस आर्टिस्ट आहे, म्हणजे सिनेमांना, जाहिरातींना, पुस्तकांना आवाज देते, त्यामुळे असे मेसेज बरेच येतात. ‘सराव करत राहा, शुभेच्छा’ असं लिहून मी मोकळी होते आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहते. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच नसतं. म्हणून या वेळी सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

भिंतीवर जे लिहिलंय ते तुझ्या हातातलं नाही गं. एखाद्या हिरॉइनला कुणाचा आवाज लावायचा हे डबिंग डायरेक्टर, म्हणजे पडद्यावरच्या पात्रांना आवाज भरून घेणारा, सुचवतो, आणि शेवटचा शब्द निर्मात्याचा नाहीतर चॅनलचा असतो. व्हॉइस टेस्टला दहा-पंधरा मुली येतात. त्यातल्या चौघी तरी उत्तम असतात. त्यांच्यातून एक निवडली जाते ती पुष्कळदा एवढ्यासाठीच, की पडद्यावरच्या बाईच्या चेहऱ्याला तिचा आवाज बसतो. बाकी तिघींचं काहीच चुकलेलं नसतं. पण जिने भिंतीवर मुदत लिहून ठेवलीय ती घरी जाऊन स्वतःला नापास करते. मी हे केलंय, म्हणून सांगतेय.

२००८ साली मी सांगलीहून मुंबईला आले. डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘दोन वर्षांत लीड’, म्हणजे मुख्य पात्राचा आवाज. पहिले चौदा महिने मी फक्त क्राउड केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, क्राउड म्हणजे सिनेमात मागे जी माणसं दिसतात त्यांचा गलका. अंधेरीतल्या स्टुडिओत सात-आठ जण एका माइकभोवती अर्धवर्तुळात उभे राहायचो. पडद्यावर बाजार असेल तर भाजीवाली, अपघात असेल तर ‘अगं बाई, काय झालं’, लग्न असेल तर उगाच हसणं. संध्याकाळी पाचशे रुपये ठरायचे, हातात पडायचे दोन-तीन महिन्यांनी. त्या सगळ्या दिवसांत मी केवढं शिकत होते हे आज कळतं. ओठ कसे बघायचे, पान उलटताना आवाज होऊ द्यायचा नाही, शेजारच्याच्या सुरात सूर न मिसळता स्वतःचं माणूस कसं उभं करायचं. पण डायरीत ‘लीड’ लिहिलेलं असल्यामुळे यातलं काहीच माझ्या हिशेबात धरलं जात नव्हतं. चौदाव्या महिन्यात मी बॅग भरली होती.

तेव्हा एका ज्येष्ठ डबिंग डायरेक्टर बाईंनी मला एक साधं काम लावलं. रोज जे वाक्य तीनपेक्षा जास्त वेळा रेकॉर्ड करावं लागलं, म्हणजे तीनपेक्षा जास्त टेक लागले, ते वाक्य वहीत उतरवायचं आणि समोर कारण लिहायचं. बस्स, एवढंच. लीड वगैरे विसर म्हणाल्या. सहा महिन्यांनी आम्ही दोघींनी ती वही उघडली तर पानापानावर एकच दुखणं होतं. मी वाक्याचा शेवट खात होते.

मराठीत हे फार घातक आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि नकारही बहुतेक वेळा तिथेच बसतो. ‘तो काल रात्री गावाहून परत आला’ आणि ‘तो काल रात्री गावाहून परत आला नाही’, सगळा फरक शेवटच्या दोन अक्षरांत. आणि नेमकी तिथे पोचेपर्यंत नवशिक्याच्या छातीतली हवा संपलेली असते. सुरुवात दणक्यात होते आणि ‘नाही’ घशातच विरतं. सूत्रसंचालन करणाऱ्यांना ही खोड जास्त, कारण वाक्य संपायच्या आत टाळ्या सुरू होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बूथमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत, टाळ्या नसतात. हेडफोनमधून आपलं आपल्याला सगळं स्वच्छ ऐकू येतं.

त्यानंतरचं वर्षभर माझं एकच ध्येय होतं, शेवट पडू द्यायचा नाही. ते भिंतीवर लावण्यासारखं दिसत नाही. पण रोज रात्री मला कळायचं की आज जमलं की नाही, आणि ते जमवायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. पहिलं मोठं काम त्यानंतर आलं, न ठरवता.

आता आवाजाबद्दल. ‘आवाज चांगला आहे’ ही गोष्ट मी फारशी मोजत नाही, हे ऐकून पुष्कळ जण दुखावतात. तुम्हीच बघा. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला आवाज आहे शरद केळकरांचा. मला येणाऱ्या मेसेजांपैकी निम्म्या मुलांना तो आवाज व्हायचं असतं. केळकरांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय की ते आधी बोलताना अडखळत असत. आणि २०१५ मध्ये तो सिनेमा आला तेव्हा त्यांच्या मागे दहा-एक वर्षांचा टीव्हीवरचा अभिनय होता. दुसरं उदाहरण मला याहूनही जवळचं वाटतं. २०२१ मध्ये ‘पुष्पा’मधल्या अल्लू अर्जुनला हिंदीत श्रेयस तळपदेंनी आवाज दिला आणि तो घराघरांत पोचला. याच तळपदेंना हिंदीत ओळख मिळाली ती २००५ च्या ‘इक्बाल’मुळे, आणि त्यात त्यांची भूमिका एका मूकबधिर मुलाची होती! सबंध सिनेमात एक शब्द न बोलता ज्याने माणूस उभा केला, त्याला पुढे दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालता आले. मला यात काही आश्चर्य वाटत नाही. आवाज घशातून येतो खरा, पण काम सगळं अभिनयाचं आहे. परभणीत नाटक करणारी मंडळी असतील तर आधी त्यांच्यात जा. पडदा ओढायला लागला तरी चालेल.

आणि हे हिंदीच का? मुलं मराठीकडे पायरी म्हणून बघतात, जिच्यावर पाय ठेवून हिंदीत जायचं. मला याचा त्रास होतो. हिंदीत पैसा जास्त आहे, मी नाकारत नाही. मीही हिंदी काम करते. पण मराठीत आज कामाचे प्रकार वाढलेत. दाक्षिणात्य सिनेमे मराठीत डब होऊन टीव्हीवर लागतात, कार्टून येतात, ऑडिओबुकं म्हणजे ऐकायची पुस्तकं येतात. आणि नीट मराठी वाचणारी माणसं शोधावी लागतात. स्टुडिओत येणाऱ्या दहा नवख्यांपैकी कितीतरी जण ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ करतात, ‘कृपा’ची ‘क्रिपा’ करतात. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचा, यांतला ‘ज’ वेगळा असतो हे सांगावं लागतं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा हेही. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे कानावर पडलं नसेल तर कागद बघून कळण्याचा मार्गच नाही. हे तुला घरात, आजीच्या मांडीवर फुकट मिळालंय. ते वापर.

बोलीचंही तेच. मुंबईला येणारी मराठवाड्यातली, विदर्भातली, कोल्हापूरकडची मुलं पहिल्या महिन्यात स्वतःची भाषा घासून पुसून टाकतात. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, त्यात सूट नाही. पण परभणीचा हेल मोडून टाकू नकोस, कपाटात जपून ठेव. एखाद्या पात्राला तो लागतो तेव्हा पुण्या-मुंबईचे कलाकार जे करतात ते नक्कल वाटतं, आणि डबिंग डायरेक्टरला ते कळतं.

तुझ्या गावात आकाशवाणीचं केंद्र आहे हे तुला माहीत असेलच. तिथे कॅज्युअल अनाउन्सर, म्हणजे गरजेपुरते बोलावले जाणारे निवेदक, घेतात तेव्हा परीक्षा दे. निवड झाली नाही तरी चालेल. त्या तयारीसाठी जे वाचशील ते कुठे जात नाही.

मग ध्येय कसलं ठेवायचं? मी मुलांना विचारते, मंगळवारी दुपारी अडीच वाजता, कुणी बघत नसताना, यातलं कुठलं काम तुला करावंसं वाटेल? कारण ‘व्हॉइस आर्टिस्ट’ हा एकच धंदा नाहीच. जाहिरातीत वीस सेकंदांसाठी चाळीस टेक देतात आणि ‘थोडं अजून गोड’ याचा अर्थ दर वेळी वेगळा असतो. डबिंगमध्ये दुसऱ्याच्या श्वासावर स्वतःचा श्वास बेतायचा असतो. ऑडिओबुकात पडदा नाही, समोर कुणी नाही, तू आणि चारशे पानं.

ऑडिओबुकाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लहान गावात राहूनही जे काम करता येईल ते हे आहे. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं ऐकणारा वर्ग हळूहळू तयार झाला. मी स्वतः वाचलेलं आठ तासांचं पुस्तक म्हणजे बूथमधले वीस-बावीस तास, आणि त्याआधी सबंध पुस्तक एकदा घरी वाचून होणं. कादंबरीतली म्हातारी पाचव्या पानावर येते आणि दोनशे दहाव्या पानावर परत येते, तेव्हा तिचा आवाज तोच असायला हवा. मी प्रत्येक पात्राची दोन वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवते. जेवणात दही आणि दूध बंद, कारण त्याने मला घसा चिकट वाटतो आणि ‘क’, ‘ख’ म्हणताना ते लगेच कळतं. कडक कॉटनचे कपडे बूथमध्ये घालत नाही, बाहीची सळसळ माइक पकडतो. लॉकडाउनमध्ये माझा बूथ म्हणजे कपाटाचं उघडं दार, आईने शिवलेल्या दोन वाकळी आणि पहाटे चारचा गजर, कारण चारनंतर दूधवाला येईपर्यंत तेवढीच शांतता. ही मेहनत ज्याला आवडते त्याने हे करावं. नुसती पुस्तकं आवडतात म्हणून पडू नये.

पैशांचंही ध्येय लिही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडायची नाही, असं लिही. आमच्याकडे पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात, कधी पाठपुरावा करून येतात. आणि ‘कोर्स करा, काम नक्की देऊ’ असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. शिकवणारे चांगले लोक आहेत, मी त्यांच्याकडून शिकलेय, पण त्यांच्यातलं कुणी कामाची हमी देत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. २०२१ मध्ये मी एका कंपनीसाठी घरून काही हजार सुटी वाक्यं वाचली. ‘भाषेच्या प्रशिक्षणासाठी’ एवढंच सांगितलं होतं. एक पानी संमतिपत्र आलं, मी न वाचता सही केली, कारण त्या महिन्यात दुसरं काम नव्हतं. दोन वर्षांनी वहिनीचा फोन आला, ‘तुझी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात ऐकली, छान झालीय.’ मी अशी जाहिरात केलीच नव्हती. तिने पाठवलेला व्हिडिओ मी सहा वेळा ऐकला. आवाज माझा, ‘बरं का’ म्हणायची लकब माझी, आणि दीड मिनिटात एकदाही श्वास घेतलेला नाही. माझ्या आवाजावरून एआयने, म्हणजे संगणकाने, केलेली नक्कल होती ती. त्या रात्री मला झोप लागली नाही. संमतिपत्र काढून वाचलं तर ‘सर्व प्रकारे, कायमस्वरूपी, जगभर’ असं लिहिलेलं होतं, माझ्या सहीच्या दोन बोटं वर.

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजीत सिंह यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. मला आनंद झाला. पण त्यांचं नाव साऱ्या देशाला माहीत आहे. गुडघ्याच्या तेलामागचा आवाज कुणाचा हे माझ्या वहिनीखेरीज कुणाला ओळखू येणार? आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क आहेत, २०१२ च्या दुरुस्तीने ते आणखी वाढले, पण सही करून आपणच त्यातले बरेचसे देऊन टाकतो. अमेरिकेत व्हिडिओ गेमचे कलाकार याच प्रश्नावर जुलै २०२४ पासून जवळजवळ अकरा महिने संपावर होते, आणि नक्कल करण्याआधी परवानगी घ्यायची ही अट त्यांनी करारात घालून घेतली. आपल्याकडेही व्हॉइस आर्टिस्टांची असोसिएशन आहे. तिचं सदस्य होणं हेसुद्धा कागदावर लिही. आणि हेही लिही: ‘एआयच्या प्रशिक्षणासाठी किंवा नक्कल करण्यासाठी आवाज वापरणार नाही’ ही ओळ असल्याशिवाय सही नाही. काम जाईल. माझी गेल्या वर्षी तीन गेली.

यातलं मी तिला थोडक्यात फोनवर सांगितलं आणि एक काम दिलं. रोज सकाळी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाच, मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि ऐकताना फक्त क्रियापदं ऐक. आज दुपारी पहिलं रेकॉर्डिंग आलं. पंखा चालू होता, मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या, मधे आई काहीतरी विचारून गेली. मी दोनदा ऐकलं आणि लिहून पाठवलं, ‘आठव्या वाक्यात “नव्हता”मधला “ता” ऐकूच येत नाही. तेवढं वाक्य उद्या परत पाठव.’