माश्या मोजायलाच हव्यात

लेयरवाल्यांच्या, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: "माश्या मोजत बसू नका, डोळ्यांना दिसतातच. दर आठवड्याला खतावर औषध मारा, चिकट पट्ट्या टांगा. पावसाळ्यात माश्या होणारच." ऐकायला सोपं आहे, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

"डोळ्यांना दिसतातच." दिसतात, पण दुपारी खाद्याच्या चॅनेलवर आणि शेडबाहेर पांगलेल्या, रात्री छताच्या कैच्यांवर (छत पेलणाऱ्या आडव्या-तिरक्या दांड्यांवर) बसलेल्या. फेरीची वेळ बदलली की अंदाज बदलतो. शिवाय रोज शेडात वावरणाऱ्याची नजर माश्यांना सरावते; गावकरी तक्रार घेऊन येतात तेव्हाच जाग येते. याला उपाय स्पॉट कार्डाचा. ३ बाय ५ इंचांचं पांढरं कार्ड घ्यायचं, मागे तारीख आणि जागा लिहायची, आणि जिथे माश्यांचे डाग आधीच पडलेत अशा खांबावर किंवा कैचीवर लावायचं. एका शेडला निदान दहा. आठवड्याने काढून डाग मोजायचे: विष्ठेचे काळपट आणि ओकारीचे फिकट पिवळसर, दोन्ही. नवं कार्ड बरोबर त्याच जागी. आठवड्यात दर कार्डाला सरासरी १०० डाग झाले की उपाय करायची वेळ आली, असा ढोबळ नियम आहे. वस्ती जवळ असेल तर ५० लाच हलावं. माझ्या मते आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा: २०, ४५, ८० असं चाललं असेल तर शंभरची वाट कशाला बघायची?

"दर आठवड्याला खतावर औषध मारा." यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. कोंबडखतात माशीची अंडी खाणारे बारीक कोळी असतात, अंडी-अळ्या फस्त करणारे काळे भुंगेरे असतात, माशीच्या कोषात अंडी घालून तिला संपवणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या असतात. औषध त्यांनाही मारतं. उन्हाळ्यात माशीची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. भुंगेऱ्यांना सावरायला त्याहून बराच वेळ लागतो. आणि तेच तेच औषध मारत राहिलं की माशी त्याला दाद देईनाशी होते. डीडीटीच्या बाबतीत युरोपात १९४६ च्या सुमारासच हे दिसलं होतं.

चिकट पट्टी मोजणीला चांगली, पण तिच्यावर माश्या संपत नाहीत. चिकटलेल्या मादीने शंभर-दीडशे अंड्यांचा घड आधीच खतात घातलेला असू शकतो.

"पावसाळ्यात होणारच." माशी ओलीवर वाढते, आणि कोंबड्यांना पाणी देणाऱ्या गळक्या निप्पलखाली ओल बारा महिने असते. खत ३० टक्के ओलीपर्यंत वाळलं तर अळ्या तग धरत नाहीत. शेडच्या एकाच टोकाच्या कार्डांवर डाग वाढले तर आधी तिथले निप्पल, पाइपचे जोड, पत्र्याची गळती बघा. खुरप्याने खताचा वरचा थर उकरा. पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर तेवढंच ओलं खत उचलून उन्हात पातळ पसरा आणि गळती त्याच दिवशी बंद करा. गुण आला की नाही, ते पुढच्या दोन आठवड्यांच्या कार्डांवर दिसेल.