यो-यो मा यांनी बाख सोडला कधी?

गेल्या आठवड्यात एकच मजकूर तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आला. आशय असा: चेलो (व्हायोलिनच्या जातीचं, पण मोठं, बसून वाजवायचं वाद्य) वाजवणारे यो-यो मा तरुणपणी अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखचं शुद्ध संगीत वाजवायचे तेव्हा खरे कलाकार होते, पुढे पैशासाठी टँगो, ब्लूग्रास (अमेरिकी लोकसंगीताचा प्रकार), सिनेमा असं सगळीकडे तोंड घातलं आणि हात बिघडला. शेवटी टोला: ‘आपल्याकडे घराण्याच्या गवयाने असं कधी केलं नसतं.’

आधी हे ‘तेव्हा’ आणि ‘पुढे’ तपासू. बाखचे सहा चेलो-सुइट, म्हणजे एकट्या चेलोसाठीच्या सहा रचनामाला, मा यांनी ऐंशीच्या दशकात पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केल्या. दुसऱ्यांदा नव्वदच्या दशकात, अर्जेंटिनाचा संगीतकार पियाझोला याच्या टँगोंचा त्यांचा अल्बम (१९९७) आला त्याच सुमारास. तिसरं ध्वनिमुद्रण २०१८ चं. त्याच वर्षी, साठी उलटल्यावर, हे सहाही सुइट एका बैठकीत, अडीचेक तास, जगभर ३६ ठिकाणी वाजवायचा दौरा त्यांनी सुरू केला. बाखला रामराम ठोकलेला माणूस असलं काही अंगावर घेईल?

पैशाचं म्हणाल, तर सिनेमाचे मिळाले असतीलच. त्यात लपवायचं काय? पण मंगोलियाच्या दीर्घगानाला (लांब लांब स्वरांच्या तिथल्या लोकगायनाला) साथ करून कोण गब्बर झालंय?

हात बिघडल्याचा आरोप मात्र सरळ कानावर सोडता येतो. चेलोवर डाव्या हाताचं बोट स्वरावर थरथरत ठेवायचं, ही सवय शास्त्रीय तालमीत लहानपणीच मुरते. १९९६ च्या ‘अ‍ॅपलेशिया वॉल्ट्झ’ या अल्बममध्ये फिडलवादक मार्क ओ’कॉनर यांच्यासोबत वाजवताना मा ते कंपन बऱ्याच ठिकाणी जवळजवळ काढून टाकतात. स्वर उघडा पडतो. तसूभर हलला तरी कळतं. १९९८ मध्ये देशोदेशीच्या वादकांना एकत्र आणणारा ‘सिल्क रोड’ प्रकल्प सुरू केल्यावर तर त्यांनी मोरिन खूर हातात घेतलं. घोड्याच्या केसांच्या दोन तारांचं हे मंगोल वाद्य. त्यात तार पट्टीवर दाबत नाहीत, नखाने नाहीतर बोटाच्या पेराने बाजूने अडवतात. चेलोवर हयात घालवलेल्या माणसाने पुन्हा नवशिक्या व्हायचं, तेही लोकांसमोर. (सगळंच मला आवडतं असं नाही. नाताळसाठी काढलेला त्यांचा अल्बम मला गुळमट वाटतो. पण गुळमट अल्बम काढणं वेगळं आणि हात बिघडणं वेगळं.)

आता ते ‘शुद्ध’. बाखच्या प्रत्येक सुइटमध्ये सुरुवातीच्या प्रील्यूडनंतर येतात ते सगळे नाचांचे प्रकार: आलमांद, कुरांत, साराबांद, शेवटी जीग. जर्मनीतल्या दरबारी नोकराने फ्रान्स, स्पेन, इंग्लंडकडचे नाच एका माळेत ओवले. त्यातला आज डोळे मिटून ऐकायचा साराबांद मुळात इतका चावट मानला जाई, की १५८३ मध्ये स्पेनमध्ये त्यावर बंदी आली होती. म्हणजे भेसळीचा खटला भरायचाच, तर पहिला आरोपी बाख.

राहिलं आपल्याकडचं घराणं. भास्करबुवा बखले ग्वाल्हेरची तालीम फैज महंमद खाँकडे, आग्र्याची नत्थन खाँकडे आणि जयपूरची अल्लादिया खाँकडे घेऊन आले आणि १९१६ साली नाटकासाठी ‘स्वयंवर’च्या चाली बांधल्या. ‘नाथ हा माझा’ ज्यांना पाठ आहे, त्यांनी तरी हा मजकूर पुढे ढकलायला नको होता.