संशोधन अडवायचंय? या, बसा!

अभिनंदन! कॉलेजच्या संशोधन व खरेदी समितीवर तुमची नेमणूक झाल्याचं नोटीस बोर्डावर वाचलं. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकलात का? नसेल तर आधी तो टाका, मग पुढचं वाचा. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरच्या संशोधनाला वळण लावायची जबाबदारी आता तुमच्यावर आहे, आणि वळण लावायचं म्हणजे मध्ये काहीतरी आडवं घालावं लागतं. ते कसं घालायचं, हे मला गेल्या दहा महिन्यांत जवळून बघायला मिळालं. मी घालणाऱ्यांपैकी नव्हतो, आपटणाऱ्यांपैकी होतो. पण भिंतीची मापं आपटणाऱ्यालाच पाठ होतात.

सुरुवात सोप्यापासून करा. लॅबची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा, आणि ज्याची ठरलेली फास्ट लोकल कधीच चुकत नाही असाच माणूस निवडा.

वायफायवर दर तासाला पुन्हा लॉगिन मागा. रात्रभर डाउनलोडला लावलेल्या डेटासेटला तर आवर्जून मागा.

जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ते गिटहब फायरवॉलमध्ये बंद करून टाका. कारण विचारलं तर ‘सिक्युरिटी’ म्हणा. त्यापुढे कोणी काही विचारत नाही.

शोधनिबंधांची चिंता नको. तिथे भिंत आयती बांधून मिळते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांना ६,००० कोटी, तीस प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नल्स, आणि हे सगळं सरकारी संस्थांना. आपलं कॉलेज खासगी, म्हणजे आपण त्या नेशनच्या कुंपणाबाहेर. एखादं पोरगं ‘सर, पेपर उघडत नाही, डॉलर मागतोय’ म्हणत आलं तर त्याला सांगा, लेखकाला ईमेल कर. मात्र कॉलेजचा ईमेल आयडी त्याला देऊ नका. पोरं तरीही पेपर मिळवतातच. कुठून ते मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

आता मुख्य विद्या, खरेदी. इथे जरा सावकाश जाऊ, कारण माझं दुखणं इथलंच आहे.

आमच्या कॉलेजच्या कुंपणाला लागून एक नाला वाहतो. दर जुलैत तो भिंत ओलांडून वर्कशॉपमध्ये शिरतो आणि लेथ मशीनच्या पायाशी गाळ ठेवून परत जातो. माझ्याकडे शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी आले. म्हणाले, “सर, नाल्याची पातळी दर मिनिटाला मोजू. पाणी चढायला लागलं की मोबाइलवर मेसेज.” २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही पोरं रांगत होती. पण मुंबईत वाढलेल्या पोराला तो आकडा घरात ऐकूनच पाठ असतो. मला कल्पना आवडली. भिंतीवर पाण्याकडे तोंड करून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो, प्रतिध्वनी किती वेळात परत आला ते मोजतो, आणि त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. वॉटरप्रूफ मॉडेलला अगदी जवळच्या वीसेक सेंटिमीटरमधलं काही दिसत नाही. एवढ्या एका बाबतीत तो आपल्या समितीसारखा.

चार सेन्सर, दोन कंट्रोलर बोर्ड, बॅटऱ्या, पेट्या. एकूण ८,६४० रुपये. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ज्या दुकानात मी विद्यार्थी असल्यापासून जातो, त्या शेठने सगळा माल काउंटरवर काढून ठेवला आणि म्हणाला, “सर, घेऊन जा, पैसे सवडीने पाठवा.” मी म्हटलं, नाही, रीतीने घेऊ. महाराज, तिथेच चुकलो.

ट्रस्टच्या नियमावलीप्रमाणे कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा ५,००० रुपये. दोन बिलं करून घ्यावं तर ‘मागणीचे तुकडे पाडू नयेत’ हा नियम क्रमांक ९. मी डिसेंबरात नोटशीट टाकली. जानेवारीत अकाउंट्समधून ती परत आली. शेरा होता: ‘वॉटरप्रूफ हे पावसाळी साहित्य असल्याने कर्मचारी कल्याण हेडखाली पाठवावे.’ मी स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं, हा रेनकोट नाही. त्या म्हणाल्या, “सर, मला कळतंय हो, पण सिस्टीममध्ये वॉटरप्रूफ टाकलं की तेच हेड येतं.” मी वॉटरप्रूफ शब्द काढून नवीन नोटशीट केली. त्यावर प्रश्न आला की पाण्यावर लावायची वस्तू वॉटरप्रूफ का नाही.

मग तीन कोटेशनं. ती कुठून येतात ते तुम्हाला माहीत आहे, मी सांगत बसत नाही. मग तुलनात्मक तक्ता. मग ‘कन्झ्युमेबल की डेड स्टॉक’, म्हणजे वापरून संपणारी वस्तू की कायम नोंदीत राहणारी, या विषयावर दोन बैठका. नाल्यावर टांगायची वस्तू एखाद्या दिवशी वाहून जाऊ शकते, हे मी लेखी दिलं, तर म्हणे वाहून जाणार असेल तर घेताच कशाला? शेवटी डेड स्टॉक ठरलं. म्हणजे वस्तूवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा आणि दरवर्षी ती जागेवर आहे का ते बघायचं.

तोवर कोटेशनची मुदत संपली. दुकानदार तीस दिवसांपुरता भाव देतो, आणि सह्यांची फेरी पुरी व्हायला लागतात पंचेचाळीस दिवस. नवं कोटेशन आणलं की नवी फेरी, आणि ती संपायच्या आत कोटेशन पुन्हा शिळं. कॉम्प्युटरच्या पुस्तकात याला लाइव्हलॉक म्हणतात: सगळे हलतायत, कामात आहेत, पण पुढे कोणीच सरकत नाही. पुस्तकात हा दोष म्हणून शिकवतात. तुम्ही ही कार्यपद्धती म्हणून शिका.

मार्च गेला, एप्रिल गेला. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. सरकारने! ज्याच्या नावाने आपण लाल फीत म्हणून बोटं मोडतो, त्याने गाठ सैल केली. मी तो आदेश छापून बैठकीत वाटला. एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढला, कागद बाजूला सारला आणि ते वाक्य टाकलं, जे प्रत्येक बैठकीत कोणीतरी टाकतंच: “अहो, अडचणीतूनच शोध लागतात. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर दिला नाही, म्हणून तर आपला परम झाला.”

हे वाक्य तुम्हीही पाठ करा. फार उपयोगी आहे. समोरच्याची वाचाच बसते.

माझी तेव्हा बसली. आता बोलतो. अहो, परमला अमेरिकेने अडवलं होतं, पुण्यातल्या हिशेबनिसाने नव्हे! सी-डॅक हे पुण्याचं सरकारी संगणक संशोधन केंद्र १९८८ मध्ये स्थापन झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा होता. तिथले प्रमुख विजय भटकर आणि त्यांच्या माणसांनी एका दांडग्या प्रोसेसरच्या मागे न लागता ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकमेकींना जोडल्या आणि तीन वर्षांत सुपरकॉम्प्युटर करून दाखवला. त्यातल्या प्रत्येक चिपला ‘हे कोणत्या हेडखाली’ म्हणून परत पाठवलं असतं, तर आज आपण कशाचे दाखले दिले असते? बाहेरच्याने दार लावलं आणि घरच्यांनी पाठीवर हात ठेवला, म्हणून ते झालं. इथे बाहेर अख्खा लॅमिंग्टन रोड सताड उघडा आहे आणि कडी आतून घातलीय. त्या कडीला तुम्ही परमचं नाव देता?

असो. सल्ला द्यायला बसलोय, सल्लाच देतो. कितवा होता? जाऊ दे.

सह्यांची रचना समांतर संगणनावरून घ्या. अनेक प्रोसेसर एकत्र काम करतात तेव्हा प्रोग्राममध्ये मधूनमधून बॅरियर घालतात: सगळे इथे पोचेपर्यंत कोणीही पुढे जायचं नाही. सगळ्यात ढिल्याची वाट सगळे बघतात. म्हणून त्या क्षेत्रातले संशोधक हे बॅरियर कमी करायला जिवाचं रान करतात. पण तिथे एक सोय असते, शेवटचा पोचला की सगळे त्याच क्षणी सुटतात. तुम्ही ती ठेवू नका. शेवटचा सदस्य येईपर्यंत पहिला रजेवर गेला पाहिजे.

आणि माणसं वाढवून काम लवकर होईल असं कोणी म्हटलं तर त्याला ॲमडालचा नियम ऐकवा. १९६७ चा आहे. कामातला पाच टक्के भाग जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तरी कितीही प्रोसेसर लावा, वेग वीस पटींपलीकडे जात नाही. आपली फाईल तर शंभर टक्के एकामागून एक चालते. माणसं वाढवलीत तर सह्या वाढतील.

विजेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडकडून काही शिकू नका. त्याच्यातही अडथळा असतो, पण त्याचा आकडा जगजाहीर असतो. सिलिकॉनला साधारण ०.७ व्होल्ट. तेवढे दिले की रस्ता मोकळा. आपल्या खिडकीवर किती व्होल्ट लागतात हे कुणालाही कळू देऊ नका. आणि पुरेशी ऊर्जा नसतानाही एखादा इलेक्ट्रॉन भिंतीपलीकडे निघतो, त्याला भौतिकशास्त्रात टनेलिंग म्हणतात, आपल्याकडे ओळख म्हणतात.

विद्यार्थ्यांचं काय, असं विचाराल. ते पास होतात. माझे दोघे जूनमध्ये पास झाले. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नाल्याच्या जागी प्लास्टिकच्या बादलीचा फोटो आहे. बाथरूमच्या नळाखाली बादली भरताना एकाने पट्टी धरलीय आणि दुसरा, स्वतःच्या पैशाने आणलेला, वॉटरप्रूफ नसलेला सेन्सर हातात धरून उभा आहे. बाहेरच्या परीक्षकाने विचारलं, “प्रत्यक्ष नाल्यावर का नाही लावला?” पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे नाला होता.

जुलैत वर्कशॉपमध्ये पाणी शिरलं. लेथच्या मोटारी काढून दुरुस्तीला पाठवल्या. त्याला कोटेशन लागलं नाही, ती ‘आपत्कालीन बाब’ होती.

आता हा विनोद पुरे झाला. मला जमत नाहीये.

अडथळ्यांशी माझं भांडण नाही हो. आमचा धंदाच अडथळ्यांचा आहे. विमानाच्या टर्बाइनच्या पात्यावर झिर्कोनिया या सिरॅमिकचा मिलिमीटरहून पातळ थर असतो, म्हणून धातूला ती आग सोसते. थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनने १९८५ ते ८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भलतीच मोठी मात्रा दिली, काही दगावले. का? तर आधीच्या थेरॅक-२० मध्ये चुकीचा मारा रोखायला हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की मशीन आपोआप अडवणारे खटके, होते, ते नव्यात काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली. सॉफ्टवेअरमधली तीच चूक जुन्या मशीनमध्येही होती. तिथे फ्यूज उडायचा आणि माणूस वाचायचा. याला म्हणतात बॅरियर. तो काय अडवतो आणि कुणाला वाचवतो, हे घालणाऱ्याला सांगता येतं.

तुम्हाला येतं का? ८,६४० रुपयांच्या फाईलवर अकरा सह्या. त्यांतल्या एकाही सहीने काय वाचवलं ते सांगा. भ्रष्टाचार? लॅमिंग्टन रोडचा भाव डिसेंबरात होता त्यापेक्षा ऑक्टोबरात सातशे रुपयांनी चढला, तो फरक तुमच्या सह्यांनी दिला. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवीला भर पावसात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. तिथे एक लोखंडी जाळी हवी होती. जिथे जाळी हवी तिथे भोक, आणि जिथे वाट हवी तिथे तुमची जाळी. सही करायची भीती वाटते तर समितीवर येता कशाला? वाचता येत नसेल तर विचारा. विचारायची लाज वाटत असेल तर निदान फाईल पुढे ढकला. दोन पोरांना एक पावसाळा हवा होता. पावसाळ्याला कोटेशन मागवता येत नाही, तो वर्षातून एकदाच येतो, आणि तुम्ही तो बसल्या जागी खाल्लात.

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. सेन्सर आले १४ ला.

परवा डेड स्टॉकचे मामा ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी घेऊन लॅबमध्ये आले. मी लेक्चरला होतो. परत येऊन बघतो तर चारही सेन्सर टेबलावर ओळीने वाळत ठेवलेले, आणि प्रत्येकाच्या नेमक्या त्या गोल तोंडावर, जिथून आवाज जातो आणि जिथे परत येतो, तिथे जाड रंगात नंबर. मी म्हटलं, “मामा, इथे का टाकलात?”

“सर,” ते म्हणाले, “दुसरीकडे जागाच नव्हती.”